समीक्षकांचे घूमजाव

१९७६ च्या आरंभी 'फिल्मफेअर' पुरस्कारांची घोषणा झाली, तेव्हा 'शोले'च्या वाट्याला नऊ नामांकने आणि केवळ एक पुरस्कार आला. तोही संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'दीवार'कडे गेला. गब्बरसिंगच्या भूमिकेसाठी नामांकन मिळालेल्या अमजद खानला मागे सारून साहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार शशी कपूरने पटकावला. पुढे २००५ साली या पुरस्कारांनी पन्नाशी गाठली आणि त्या निमित्ताने गेल्या पन्नास वर्षांतील सर्वोत्तम चित्रपट निवडण्यात आला. तो होता 'शोले'. वर्षातला सर्वोत्तम न ठरलेला चित्रपट अर्धशतकातला सर्वोत्तम ठरला, यातील विसंगतीकडे त्या रात्री टाळ्यांच्या कडकडाटात फारसे कुणाचे लक्ष गेले नसावे.

चित्रपट तोच होता. मधल्या तीस वर्षांत बदलले होते ते त्याच्याविषयीचे मत. प्रचंड गाजावाजा करून येणाऱ्या चित्रपटांच्या बाबतीत असे मतपरिवर्तन विशेष करून घडते. कधी पहिल्या आठवड्यात धुडकावलेला चित्रपट पुढे अभिजात ठरतो, तर कधी पहिल्या दिवशी उचलून धरलेल्या चित्रपटाचे नाव काढले तरी पुढे समीक्षक अवघडतात. यात समीक्षकांची चूक किती, प्रसिद्धीच्या माऱ्याची किती आणि काळाची किती, हे प्रत्येक वेळी वेगळे काढून पाहावे लागते.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आणीबाणी लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. या चित्रपटाविषयी प्रेक्षक आणि चित्रपट व्यवसाय या दोघांनी आधीच बरेच काही ऐकले होते. सुमारे तीन कोटींचा खर्च, बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ माळावर कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी उभे केलेले अख्खे गाव, १९७३ च्या ऑक्टोबरपासून लांबत गेलेले चित्रीकरण, पनवेल-उरण मार्गावर आठवडेच्या आठवडे चाललेले आगगाडीचे दृश्य, सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनी. एवढ्या तयारीनंतर जे पडद्यावर आले, ते पाहून अनेक परीक्षकांनी नाके मुरडली. अमेरिकी 'वेस्टर्न'चे हे कलम भारतीय मातीत रुजलेले नाही, हा मुख्य आक्षेप होता. हिंसाचार अतिरेकी आहे, कथेत जीव नाही, खर्चाच्या मानाने हाती काही लागत नाही, असेही लिहिले गेले. व्यापारी वर्तुळात तर चित्रपट पडल्याची कुजबुज पहिल्या शनिवार-रविवारीच सुरू झाली. जय अखेरीस मरतो हे प्रेक्षकांना रुचत नसेल तर शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा का, याचीही चर्चा निर्मात्यांच्या गोटात झाली होती. सोमवारपर्यंत थांबून पाहू, असे ठरले आणि सुदैवाने ते थांबले.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. लॅमिंग्टन रोडवरील 'मिनर्व्हा'त 'शोले' पाच वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकून राहिला. गाण्यांच्या तबकड्यांना अपेक्षेइतका उठाव नाही, हे ध्यानात आल्यावर 'पॉलिडोर'ने संवादांची स्वतंत्र तबकडी काढली आणि गणेशोत्सवाच्या मांडवापासून लग्नाच्या बँडपर्यंत सर्वत्र गब्बरचा आवाज घुमू लागला. ज्या आवाजाविषयी चित्रीकरणाच्या काळात 'हा खलनायकाला शोभत नाही' अशी शंका घेतली गेली होती, तोच हा आवाज!

येथे एक प्रश्न उभा राहतो. १९७५ चे परीक्षक चुकले, असे आज म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांनी नेमके काय पाहिले होते? त्यांचे आक्षेप वाचले तर ते निराधार वाटत नाहीत. परदेशी चित्रपटांचा प्रभाव 'शोले'च्या पटकथेवर आहेच आणि तो लपवण्याचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. चूक झाली ती वजन करताना. उसनवारी किती आहे हे मोजण्यात ते गुंतले आणि त्या उसन्या सांगाड्यात सलीम-जावेद यांनी सूरमा भोपाली, जेलर, मौसी, रहीमचाचा अशी किती माणसे कायमची वसवली, याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. दुय्यम पात्रांच्या तोंडची दोन-दोन वाक्ये लोकांच्या बोलण्यात उतरणार आहेत, हे गुरुवारच्या खेळाला बसून शुक्रवारचा मजकूर लिहिणाऱ्याला कळावे कसे? लोकांच्या बोलण्यात उतरणे ही गोष्ट चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर घडते. ती परीक्षणात येऊच शकत नाही.

गाजावाजाचा पहिला परिणाम असा की, परीक्षक चित्रपटाकडे मोकळ्या मनाने पाहतच नाही. महिनोन्‌महिने त्याच्यावर जाहिरातींचा, मुलाखतींचा, खर्चाच्या आकड्यांचा मारा झालेला असतो. तो चित्रपटगृहात शिरतो तेव्हा चित्रपटाबरोबरच त्या दाव्यांचीही परीक्षा घेत असतो. मग तो एक तर दाव्यांवर रागावतो किंवा त्यांच्या लाटेत वाहून जातो. दोन्ही प्रसंगी मूळ चित्रपट बाजूलाच राहतो. शिवाय परीक्षकांसाठीचे खास खेळ असतात. निवडक, शांत, काहीशा संशयी मंडळींच्या सोबतीने पाहिलेला चित्रपट आणि तिकीट काढून आलेल्या हजार माणसांत बसून पाहिलेला चित्रपट यांत अंतर पडते.

या अंतराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकाचे समीक्षक जो मॉर्गनस्टर्न यांनी आर्थर पेन दिग्दर्शित 'बॉनी अँड क्लाइड'वर कठोर टीका केली. हा केवळ रक्तपाताचा बाजार आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच आठवड्याच्या अखेरीस ते पत्नीसमवेत साध्या प्रेक्षकांमध्ये बसून चित्रपट पुन्हा पाहण्यास गेले. भोवतालची माणसे हसता हसता एकाएकी गप्प होत होती, हास्य आणि भीती यांची ती गुंफण दिग्दर्शकाने जाणूनबुजून केलेली होती, आणि आपल्याला ती पहिल्या वेळी दिसलीच नव्हती, हे त्यांना तेथे उमगले. पुढच्याच अंकात त्यांनी दुसरे परीक्षण लिहिले आणि आपले पहिले मत अन्यायकारक असल्याचे स्वच्छ शब्दांत कबूल केले. साप्ताहिकाच्या पानावर सात दिवसांत स्वतःला खोडून काढणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही. उलट २००५ मध्ये समीक्षेसाठीचा पुलित्झर पुरस्कार त्यांना मिळाला.

'बॉनी अँड क्लाइड'चा गाजावाजा मात्र आधी झाला नव्हता. निर्मितीसंस्थेलाच त्याच्यावर विश्वास नव्हता. तरीही हे प्रकरण येथे महत्त्वाचे आहे, कारण मत बदलणाऱ्याइतकेच ते न बदलणाऱ्याचेही आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर १९४० पासून त्या दैनिकाचे प्रमुख चित्रपट समीक्षक होते. त्यांनीही चित्रपटावर हल्ला चढवला. वाचकांची निषेधाची पत्रे आली, तेव्हा पुन्हा चढवला आणि त्यानंतरही ते मागे हटले नाहीत. ज्या माणसाने युद्धोत्तर काळात इटलीतील वास्तववादी चित्रपटांची अमेरिकी प्रेक्षकांना ओळख करून दिली, त्याच्याविषयी 'काळाच्या मागे पडलेला समीक्षक' असे बोलले जाऊ लागले. १९६८ उजाडले तेव्हा त्या खुर्चीवर रेनाटा ॲडलर बसल्या होत्या. दरम्यान पॉलीन केल यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये या चित्रपटाच्या बाजूने प्रदीर्घ लेख लिहिला आणि त्या नियतकालिकाशी त्यांचे नाव पुढे दोन दशके जोडले गेले. गंमत अशी की, ज्या केलबाईंमुळे इतरांना आपली मते तपासावी लागली, त्या स्वतः एकदा पाहिलेला चित्रपट सहसा दुसऱ्यांदा पाहत नसत. पहिला अनुभव हाच खरा, अशी त्यांची धारणा होती.

क्राउदर यांच्या बाबतीत थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. हिंसेचे असे मोहक चित्रण समाजाला घातक आहे, ही त्यांची भूमिका एका चित्रपटापुरती नव्हती. ती त्यांची श्रद्धा होती. ती चुकीच्या चित्रपटावर खर्ची पडली, असे फार तर म्हणता येईल. 'टाइम' साप्ताहिकानेही आरंभी 'बॉनी अँड क्लाइड'ची हेटाळणी केली होती. डिसेंबरमध्ये, चित्रपटाचा बोलबाला झाल्यावर, त्याच साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर स्थान दिले. मॉर्गनस्टर्न यांनी एकट्याने, यशाची खात्री नसताना मत बदलले. 'टाइम'ने वारा कोणत्या दिशेने वाहतो हे दिसल्यावर. दोन्ही मतपरिवर्तनेच, परंतु त्यांची किंमत सारखी नाही.

गाजावाजाच्या कसोटीवर अधिक चोख उतरणारे उदाहरण म्हणजे स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१ : अ स्पेस ओडिसी'. सुमारे एक कोटी डॉलरचा खर्च, चार वर्षांचे काम आणि सिनेरामाचा भव्य पडदा. एप्रिल १९६८ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेळांतूनच अनेक निमंत्रित मध्येच उठून गेले. रेनाटा ॲडलर यांना तो संमोहक आणि कंटाळवाणा यांच्या सीमेवरचा वाटला. केलबाईंनी तर त्याला कल्पनादारिद्र्याचे स्मारकच ठरवले. 'न्यूजडे'चे जोसेफ गेल्मिस यांनी आधी प्रतिकूल लिहिले, मग त्याच महिन्यात दुसरे, अनुकूल परीक्षण लिहिले. पारंपरिक मोजपट्टी घेऊन गेल्यामुळे आपण गोंधळलो, अशी त्यांची कबुली होती. 'व्हिलेज व्हॉइस'च्या अँड्र्यू सॅरिस यांना त्यासाठी दोन वर्षे लागली. १९७० मध्ये त्यांनी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि तोही तरुण प्रेक्षकांप्रमाणेच एका धूम्रपानीय पदार्थाच्या अमलाखाली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. या मतपरिवर्तनाचे श्रेय कुब्रिक यांना किती आणि त्या पदार्थाला किती द्यावे, हे वाचकांनीच ठरवावे.

एक गोष्ट मात्र या चर्चेत बहुधा सुटते. पहिल्या खेळांनंतर कुब्रिक यांनी चित्रपटातून १९ मिनिटांचा भाग काढून टाकला होता. म्हणजे पहिल्या रात्री वैतागलेल्यांनी आणि नंतर भारावलेल्यांनी पाहिलेला चित्रपट अक्षरशः एकच नव्हता! २०२२ साली 'साइट अँड साउंड' नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, त्यात '२००१' पहिल्या क्रमांकावर आला.

आता उलट बाजू. नाकारलेल्या चित्रपटाला पुढे मान दिला, हे सांगताना समीक्षकाला थोडी शरम वाटली तरी त्यात एक मोठेपणाही असतो. परंतु आपण डोक्यावर घेतलेला चित्रपट पोकळ होता, हे कोण लिहिणार? आणि लिहायचे तर कधी? पाव शतक झाले म्हणून विशेष लेख निघतात ते टिकलेल्या चित्रपटांवर. विस्मृतीत गेलेल्या 'भव्यदिव्य' चित्रपटांच्या चार-चार तारे मिरवणाऱ्या परीक्षणांची फेरतपासणी करण्याचे प्रयोजनच उरत नाही. त्यामुळे समीक्षेच्या इतिहासात पहिल्या प्रकारच्या चुका भरपूर नोंदल्या गेल्या आहेत आणि दुसऱ्या प्रकारच्या जवळजवळ नाहीतच. प्रत्यक्षात त्याच अधिक असाव्यात, असे मानायला जागा आहे.

ज्या मोजक्या प्रकरणांची नोंद झाली, त्यांत 'स्टार वॉर्स' मालिकेतील 'द फँटम मेनेस' अग्रभागी आहे. १९८३ नंतर सोळा वर्षांनी जॉर्ज लुकास पुन्हा त्या विश्वात परतत होते. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये या चित्रपटाची झलक 'मीट जो ब्लॅक' या भलत्याच चित्रपटाच्या आधी दाखवली गेली, तर लोक पूर्ण तिकीट काढून आत शिरले आणि झलक संपताच उठून घरी गेले. १९ मे १९९९ रोजी चित्रपट आला तोपर्यंत काही शहरांत चाहत्यांनी चित्रपटगृहांबाहेर रांगेत मुक्काम ठोकून कित्येक आठवडे काढले होते. खेळण्यांची दुकाने मध्यरात्री उघडली गेली. परीक्षणे संमिश्र होती. पण शिकागोचे रॉजर एबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे देऊन दृश्यांच्या कल्पकतेचे कौतुक केले. पहिल्या फेरीत जगभरातून ९२ कोटी डॉलरची कमाई झाली. आणि मग लाट ओसरली. व्यापारी करारांवरच्या वाटाघाटी, कोरडे संवाद आणि विशेषतः जार जार बिंक्स हे विनोदी पात्र यांवर टीकेची झोड उठली. वर्षा-दोन वर्षांत 'फँटम मेनेस' हे निराशेचे समानार्थी नाव झाले. ज्यांनी आधी बरे लिहिले होते, त्यांपैकी बहुतेकांनी उघडपणे माघार घेतली नाही. ते फक्त त्या चित्रपटाविषयी बोलेनासे झाले.

या माघारीचा फटका कुणाला बसतो, हे १९ वर्षांनी कळले. जार जारची भूमिका करणारे अहमद बेस्ट यांनी २०१८ मध्ये सांगितले की, त्या काळातील प्रसारमाध्यमांच्या भडिमारामुळे आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो. पात्राच्या रचनेवर, त्यातून ध्वनित होणाऱ्या वांशिक साच्यांवर गंभीर आक्षेप घेणे हे समीक्षेचे कामच होते. परंतु सोळा वर्षांच्या अपेक्षाभंगाचे सारे ओझे पंचविशीतल्या एका नटाच्या माथी मारले गेले. त्यानंतर चित्र पुन्हा पालटले. १९९९ साली जी मुले आठ-दहा वर्षांची होती, ती लिहिती झाली. त्यांच्या दृष्टीने 'स्टार वॉर्स' म्हणजे हाच चित्रपट. २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' या मालिकेत बेस्ट एका जेडाय योद्ध्याच्या रूपात परतले, तेव्हा त्यांचे मनापासून स्वागत झाले. मे २०२४ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त 'फँटम मेनेस' पुन्हा प्रदर्शित झाला आणि लेखांचा सूर बराच मवाळ होता.

जेम्स कॅमेरॉन यांच्या 'अवतार'ची कथा तर दुहेरी घूमजावाची आहे. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या या चित्रपटाला भरघोस स्तुती, ऑस्करची नऊ नामांकने आणि पावणेतीन अब्ज डॉलरची कमाई लाभली. काही वर्षांतच 'एवढा चालला, पण त्यातील एकाही पात्राचे नाव कुणाला आठवत नाही' हे वाक्य चित्रपटविषयक लेखनात रूढ झाले. त्रिमिती चष्म्यामुळे आपण भुललो, असा पश्चात्तापाचा सूर लागला. त्या सुरात २०२२ मध्ये दुसऱ्या भागाच्या अपयशाची भाकितेही झाली. दुसऱ्या भागाने सव्वादोन अब्जांहून अधिक कमावले. आता आधीच्या पश्चात्तापाबद्दल पश्चात्ताप करण्याची पाळी आली. खरे तर गल्लाभरूपणा आणि गुणवत्ता यांचा संबंध जोडण्याची घाई पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा तिन्ही वेळी सारखीच होती.

रॉजर एबर्ट यांनी यावर आपल्यापुरता एक मार्ग शोधला होता. दैनिकातील परीक्षण ही त्या दिवसाची नोंद, ती तशीच ठेवायची. आणि 'थोर चित्रपट' या स्वतंत्र लेखमालेत तोच चित्रपट नव्याने पाहायचा. 'ब्लेड रनर'ला १९८२ मध्ये त्यांनी तीन तारे दिले होते. २००७ मध्ये तो या मालेत दाखल झाला. 'ग्राउंडहॉग डे'ला आपण १९९३ साली कमी लेखले, अशी कबुली त्यांनी २००५ मध्ये दिली. त्यांचे दूरचित्रवाणीवरील जोडीदार जीन सिस्कल यांनी तर १९९६ मध्ये 'ब्रोकन ॲरो' या गाजत्या मारधाडपटाबाबत कार्यक्रम चालू असतानाच एबर्ट यांचा युक्तिवाद ऐकून आपला वर केलेला अंगठा खाली वळवला. असा प्रसंग त्या कार्यक्रमातही विरळाच. एरवी दोघे वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडले, पण हटले नाहीत.

आजच्या समीक्षकाला ही मुभा उरली आहे का, हा प्रश्न आहे. १९९८ मध्ये 'रॉटन टोमॅटोज' सुरू झाल्यापासून परीक्षणांचे टक्केवारीत रूपांतर होऊ लागले. शुक्रवारी सकाळचा आकडा निर्मात्यांच्या जाहिरातीत जातो आणि तोच कायमचा चिकटतो. दोन वर्षांनी शांतपणे लिहिलेल्या दुसऱ्या लेखाला त्या बेरजेत सहसा जागा नसते. शिवाय मोठ्या चित्रपटाविरुद्ध लिहिणाऱ्यावर चाहत्यांच्या झुंडी तुटून पडतात, त्यामुळे मत बदलले तरी ते 'घाबरून बदलले' असेच समजले जाते. आपल्याकडे पहिल्या तीन दिवसांच्या कमाईचे आकडे परीक्षणाच्या शेजारीच छापले जातात. त्यांच्याकडे न पाहता लिहिणे म्हणजे तव्याशेजारी बसून धग न लागू देण्यासारखे आहे.

'शोले'च्या बाबतीत फेरविचाराची आणखी एक संधी नुकतीच येऊन गेली. १९७५ मध्ये सेन्सॉरने चित्रपटाचा शेवट बदलायला लावला होता. मूळ चित्रीकरणात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. प्रदर्शित चित्रपटात ऐन वेळी पोलीस येतात आणि निवृत्त अधिकारी कायद्यापुढे मान तुकवतो. सचिन पिळगावकर यांनी साकारलेल्या अहमदच्या हत्येचे दृश्यही तेव्हा छाटले गेले. म्हणजे 'शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो' असे ज्या कुणा परीक्षकाला पहिल्या शुक्रवारी वाटले असेल, त्याचे काही चुकले नव्हते. तो शेवट रमेश सिप्पी यांचा नव्हताच. जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे, उघड्या चौकात, मूळ शेवटासह पुनरुज्जीवित प्रत प्रथम दाखवली गेली आणि डिसेंबरमध्ये ती भारतातील चित्रपटगृहांत आली. पन्नास वर्षांनी 'शोले'ची परीक्षणे पुन्हा छापून आली. ती लिहिणाऱ्यांपैकी अनेकांचा १९७५ साली जन्मही झालेला नव्हता, आणि त्यांनी सर्वाधिक जागा दिली ती ठाकूरच्या त्या बुटांना.